टाइलची वही: पातेलं, वजनकाटा आणि खोक्यावरचे आकडे

पहिला आठवडा

या खेपेला चार जागा स्वतःच्या हातानं करायच्या ठरवल्या आहेत: दारातला पॅसेज, बाथरूमची जमीन, ओट्यामागची भिंत आणि गच्ची. टाइल पसंत करण्याआधी तिचे आकडे नीट समजून घ्यायचे, म्हणून ही वही.

असं ठरवायला कारण आहे. मागच्या वेळी खोक्यावर पीईआय ४ (हा झिजेचा वर्ग) वाचून बाथरूमला चकचकीत टाइल लावली. आकडा मोठा म्हणजे टाइल सगळ्याच बाबतीत भक्कम, असं मी धरून चालले होते. तीन आठवड्यांत साबणाच्या पाण्यावरून आईचा पाय सरकला. हाताशी नळ होता म्हणून थोडक्यात निभावलं. त्या टाइलवर आजही ओरखडा नाही. आकडा खोटा नव्हता, पण घसरण्याबद्दल तो काही सांगतच नव्हता.

म्हणून आता प्रत्येक जागेसाठी एक पान काढलं आहे. वर लिहायचं: तिथं पाणी किती, पायात चप्पल की पाय अनवाणी, बाहेरची रेती येते का, वरून जड काही पडतं का. आकडे त्याखाली.

दुसरा आठवडा: पाणी

सगळ्यात आधी पाणी शोषण्याची चाचणी, कारण ती घरी करता येते. आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकात टाइलचे गट पाडले आहेत ते मुख्यतः यावरच. वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंत पाणी पिणारी ती पोर्सलीन, म्हणजे आपण व्हिट्रिफाइड म्हणतो ती. त्यावर ३ टक्क्यांपर्यंत एक गट, मग ६ पर्यंत, मग १० पर्यंत, आणि १० च्या वर गेली की ती भिंतीची टाइल. ‘बी’ हे अक्षर दिसलं तर ती कोरडी भुकटी साच्यात दाबून केलेली, ‘ए’ दिसलं तर ओल्या मातीच्या लगद्याला यंत्रातून आकार देऊन बाहेर काढलेली. खोक्यावर ‘बी-वन-ए’ असेल तर दाबून केलेली पोर्सलीन, ‘बी-थ्री’ असेल तर भिंतीची.

उरलेल्या कपच्यांमधून तीन तुकडे घेतले. ओव्हनमध्ये पूर्ण सुकवले, गार केले, वजन केलं. मग दोन तास उकळत्या पाण्यात आणि पुढे चार तास त्याच पाण्यात निवत ठेवले. बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरड्या नाही. कोरडं फडकं कडेच्या छिद्रांतलं पाणी ओढून घेतं. मग लगेच काट्यावर.

भिंतीचा तुकडा २१२ ग्रॅमचा होता तो २४५ झाला, म्हणजे साडेपंधरा टक्के. जमिनीच्या साध्या सिरॅमिकचा ३१८ वरून ३३२, साधारण ४.४ टक्के. पोर्सलीनचा ४०५.२ वरून ४०६.०, जेमतेम ०.२ टक्के. शेवटच्या तुकड्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटाच हवा. ग्रॅमभर इकडेतिकडे झालं तर ०.२ चे ०.४ होतात.

पातेल्याशिवायही अंदाज येतो. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब सोडा. भिंतीच्या टाइलवर तो बघता बघता विझतो आणि गडद डाग तेवढा राहतो. पोर्सलीनवर मी चहा करून परत आले तरी थेंब फुगलेला तसाच होता.

साडेपंधरा टक्के म्हणजे टाइल वाईट, असं मात्र नाही. भिंतीची टाइल मुद्दाम सच्छिद्र करतात. तिचा गाभा भाजताना फार आक्रसत नाही, त्यामुळे माप नेमकं राहतं. ती हलकी असते, हातकटरनं एका ओढीत तुटते, आणि चिकटवण्याचा मसाला तिच्या छिद्रांत शिरून पकड घेतो. पोर्सलीनला ही सोय नाही. तिच्या पाठीत काही शिरत नाही, म्हणून तिला पॉलिमर घातलेलाच मसाला लागतो. साध्या सिमेंटवर बसवलेली पोर्सलीन पुढे टकटक केल्यावर पोकळ वाजते ती बऱ्याचदा यामुळे.

सच्छिद्र टाइलचा खरा धोका वेगळा आहे. तिचा गाभा हवेतली ओल घेत वर्षानुवर्षे किंचित फुगत राहतो. वरच्या झिलईला फुगता येत नाही, ती ताणली जाते आणि एक दिवस तिच्यावर केसासारख्या तड्यांचं जाळं उमटतं. आयएसओ १०५४५ या चाचण्यांच्या मानकाच्या ११ व्या भागातली चाचणी याचसाठी आहे. त्यात टाइल दाबाखालच्या वाफेत ठेवतात आणि नंतर तडे शोधतात.

तिसरा आठवडा: झीज

पीईआय म्हणजे पोर्सलीन एनॅमल इन्स्टिट्यूट. त्यांची झिजेची चाचणी आज आयएसओ १०५४५ च्या ७ व्या भागात आहे. झिलईवर पोलादी गोळ्या, अॅल्युमिनाची भुकटी आणि पाणी घालून फेरे देतात. ठराविक फेऱ्यांनंतर टाइल धुऊन सुकवतात आणि दोन मीटरवरून ठराविक उजेडात डोळ्यांनी बघतात. झीज १०० फेऱ्यांतच दिसली तर वर्ग ०, १५० ला वर्ग १, ६०० ला वर्ग २, ७५० किंवा १५०० ला वर्ग ३, २१०० ते १२००० मध्ये वर्ग ४. १२००० नंतरही दिसली नाही आणि त्या जागेवरचे डागही निघाले, तर वर्ग ५.

‘दिसली तर’ या शब्दांवर मी दोन संध्याकाळी घालवल्या. यंत्र घरी नाही, पण ओली बारीक वाळू आणि पोलादी पट्टी आहे. काळी चकचकीत टाइल आणि मातकट रंगाची मॅट टाइल शेजारी ठेवून दोन्हींवर सारख्याच जोरानं ५० वेळा घासलं. काळीवर तळव्याएवढा धुरकट पट्टा उठला आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होता. मातकट टाइल तिरकी धरून, खिडकीचा उजेड घेऊन पाहिली तेव्हा कुठं ठिपके सापडले. कमी-जास्त झिजल्या असतील, पण दिसण्यातला फरक बराचसा रंगाचा आणि चकाकीचा होता. एकाच कारखान्याच्या एकाच मालिकेत गडद रंगाला खालचा वर्ग का मिळतो, हे मला त्या पट्ट्यानं समजावलं.

धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतो. मोसच्या मापावर त्याचा कठीणपणा ७, आणि बऱ्याच झिलया त्याहून मऊ. म्हणून रेती जिथं थेट चपलेबरोबर येते त्या पॅसेजला वर्ग ४ आणि फिकट, थोडा ठिपकेदार रंग. बाथरूममध्ये अनवाणी पाय, तिथं वर्ग ३ सुद्धा पुरतो. ओट्यामागच्या भिंतीवर कोणी चालत नाही. तिथं या आकड्यासाठी जास्त खर्च करू नये असं माझं मत. तिथं हळद-तेलाचे डाग आणि सफाईची औषधं बघायची, म्हणजे आयएसओ १०५४५ चा १४ वा आणि १३ वा भाग.

बिनझिलईच्या टाइलला पीईआय वर्ग लागूच होत नाही. तिचा गाभा किती घनमिलिमीटर खरवडला गेला ते मोजतात. पोर्सलीनसाठी १७५ ही कमाल मर्यादा, आकडा जितका लहान तितकं चांगलं. इथं मोठा आकडा शोधणारा फसतो.

चौथा आठवडा: घसरण

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पान. ‘आर ९’ वाचून मला वाटलं होतं की दहापैकी नऊ. तसं नाही. आर ९ ही पट्टीची सगळ्यात खालची पायरी आहे, वर आर १३ पर्यंत जाते. या जर्मन चाचणीत (मूळ मानक डीआयएन ५११३०) तेल लावलेल्या फळीवर बूट घातलेला माणूस पुढे-मागे चालतो आणि फळीचा उतार वाढवत नेतात. ६ ते १० अंशांवर पाय डळमळला तर आर ९, १९ पर्यंत आर १०, २७ पर्यंत आर ११, ३५ पर्यंत आर १२.

पण आईचा पाय अनवाणी होता आणि खाली तेल नव्हतं, साबणाचं पाणी होतं. त्यासाठी वेगळी चाचणी आहे, मूळ मानक डीआयएन ५१०९७. तिच्यात ए, बी, सी असे वर्ग: १२, १८ आणि २४ अंश. अंघोळीच्या जागेसाठी मी बी शोधते आहे. काही खोक्यांवर याऐवजी डीसीओएफचा, म्हणजे सरकत्या घर्षणाचा, आकडा असतो. आतल्या सपाट, ओल्या होणाऱ्या जमिनीसाठी तो निदान ०.४२ हवा.

खरखरीत टाइल पुसायला त्रास देते, हे मान्य केलं पाहिजे. आर १२ च्या नमुन्यावर पोछा फिरवला तर धागे अडकले आणि मळ खाचांत बसला. म्हणून सगळीकडे आर १२ लावणं मला पटत नाही. शॉवरखाली ५ सेंटीमीटरची मोझेक घेतली. तिचे सांधेच पायाला पकड देतात, आणि जाळीकडे जाणारा उतार लहान तुकडे निमूट घेतात. मोठी टाइल तिथं कापत बसावी लागते.

पाचवा आठवडा: ताकद

गच्चीतली एक जुनी टाइल कोपऱ्यात फुटली होती, ती उचलली. जाड पोर्सलीनला (७.५ मिलिमीटर आणि वर) मोडण्याआधी किमान १३०० न्यूटन, म्हणजे जवळपास १३० किलोचा भार सोसावा लागतो. मग ही का फुटली? उलटी केल्यावर कळलं. मसाल्याचे पाच गोळे, मधोमध एक आणि चार कोपऱ्यांपासून वीतभर आत चार. फुटलेला कोपरा हवेतच होता. आता खाचांच्या थापीनं एकाच दिशेनं सरळ रेषा ओढते, टाइलच्या पाठीवरही पातळ थर देते, आणि दर पाचवी टाइल उचलून बघते. कोरड्या जागी ८० टक्के पाठ भरलेली हवी, ओल्या जागी आणि बाहेर ९५.

पॅसेजला लांब पट्ट्यांच्या टाइल आहेत. विटांसारख्या निम्म्यावर रचून पाहिल्या तर सांध्यावर नख अडकलं. लांब टाइल मधे किंचित फुगीर असते, आणि निम्म्यावर लावली की एकीचा फुगवटा शेजारणीच्या टोकाशी येतो. एक तृतीयांशावर सरकवल्यावर नख सरळ गेलं.

सहावा आठवडा

पॅसेज संपला, ग्राउट (सांधे भरणं) उद्या. ओट्यामागची भिंत अर्धी झाली. दोन खोक्यांचे शेड क्रमांक वेगळे निघाले, त्यामुळे एक खोकं परत गेलं आहे. शॉवरची मोझेक बसली, आईनं कोरड्यावर चालून पाहिलं. साबण लावून चालायचं ते ग्राउट पूर्ण सुकल्यावर.

गच्चीसाठी आर ११ चा एक नमुना आणला आहे. खोक्यावर बी-वन-ए आणि पावलाचं चिन्ह (म्हणजे जमिनीची टाइल) आहे, तरी सवयीनं तुकडा पातेल्यात टाकला. सकाळी २९८.४ होता. रात्री पुसून ठेवला तर २९९.३. म्हणजे ०.३ टक्के. उद्या मापं पाठवते, कापण्यासाठी दहा टक्के जास्त धरून.