गच्चीचा कठडा आणि अडीच वर्षांची पावलं

आम्ही हा फ्लॅट घेतला तोच मुळी गच्चीसाठी. मुलांना घरातल्या घरात मोकळं आकाश मिळेल, एवढाच विचार होता. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कपडे वाळत घालत होते. वळून बघते तर अडीच वर्षांच्या मुलीचा एक पाय उपड्या बादलीवर, दुसरा कठड्याच्या भिंतीवर आणि हातात वरचा पाइप. मी हाक मारली नाही, ती दचकली असती. मागून जाऊन तिला कवेत घेतलं आणि थेट घरात आले. दार लावलं तेव्हा हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बसलो. कठडा एकूण ११० सेंमी उंच, म्हणजे कागदावर ठीकच. पण त्यात ६० सेंमी भिंत आणि वर तीन आडवे पाइप. मूल भिंतीवर चढलं की पुढे उरतात फक्त ५० सेंमी, तिच्या कमरेएवढे. शिवाय आडवे पाइप म्हणजे तयार शिडीच. उंची जमिनीपासून नाही, मूल जिथे पाय ठेवू शकतं तिथून मोजायची, हे मला तेव्हा कळलं. विकत घेताना कुणीच हे दाखवलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

नुसती जाळी लावू, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मला ते पटेना. नायलॉन उन्हाने कमकुवत होत जातं. मुलाचा भार पेलायची जबाबदारी त्यावर कशी टाकायची? शेवटी भिंतीच्या आतल्या बाजूला उभ्या गजांचं रेलिंग करायचं ठरलं, १२० सेंमी उंच, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पाय ठेवायला जागाच उरणार नाही. वेल्डर दोन गजांत १५ सेंमी अंतर ठेवणार होता. मी ९ वर अडून राहिले, तेही गजाच्या मध्यापासून नव्हे, मधली मोकळी फट ९. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत ही मर्यादा साधारण १० सेंमी असते. फट मोठी असली की लहान मुलाचं अंग निघून जातं आणि डोकं अडकतं.

मग प्रश्न आला तो भोकं पाडण्याचा. फरशीत ड्रिल केलं की खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं आणि गळती खालच्या घरात. म्हणून सगळे अँकर भिंतीच्या आतल्या अंगात बसवले, भोकं सीलंटने भरली. भिंत हा भार पेलेल का, हे आधी इंजिनिअरकडून तपासून घेतलं होतं. इमारतीच्या समितीची लेखी परवानगी मिळायला दीड महिना गेला. तोवर गच्चीला कुलूप. मुलं दाराच्या काचेला नाक लावून बसायची.

बाकीची कामं आम्ही स्वतः केली. कुंड्या, खुर्च्या, बादल्या रेलिंगपासून दूर नेल्या. एसीचं बाहेरचं युनिट कठड्याला लागूनच होतं, ते समोरच्या भिंतीवर उंच चढवून घेतलं. कण्हेर काढून टाकली, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं. बादलीत तळाशी राहिलेलं पाणीही रोज ओतून टाकते, कारण चिमुकल्याला बुडायला काही सेंटिमीटर पुरतात.

दाराला आपोआप बंद होणारा क्लोजर आणि आतून १५० सेंमीवर कडी बसवली. बाहेरूनही ती उघडता येईल अशीच निवडली, नाहीतर दार लागलं की मी गच्चीवर आणि मुलं आत एकटी.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मुलगा आता सात वर्षांचा आहे. परवा टाचा उंचावून त्याने ती कडी काढली आणि बहिणीसाठी दार धरून उभा राहिला. काल किल्लीचं कुलूप आणलंय, उद्या सुतार येतो आहे.