आमची वाटचाल : लिनक्सवाले आम्ही, विंडोजवाली गिऱ्हाइकं

आमची फर्म दोन लॅपटॉपवर सुरू झाली, आणि दोन्हींवर लिनक्स होतं. गिऱ्हाइकांकडे मात्र हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे सगळीकडे विंडोज. बारीकसारीक तक्रार आली तरी दोघांपैकी एकाला उठून जावं लागे. एकदा नुसता डीफॉल्ट प्रिंटर बदलून देण्यात अर्धा दिवस गेला. त्या दिवशी ठरवलं, हे काम बसल्या जागेवरून व्हायला हवं.

पहिली खटपट व्हीएनसीची, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे दाखवून तो दुरून चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरची. ते दोन्हीकडे चालतं आणि आपण काय करतोय ते समोरच्याला दिसतं, त्यामुळे शिकवायला फार बरं. पण ते पडद्याचं चित्रच पाठवत राहतं. लाइन धिमी असली की मेनू उमटेपर्यंत वाट बघायची. म्हणून विंडोजच्या आरडीपीकडे, म्हणजे दुरून मशीन चालवण्याच्या विंडोजच्याच सोयीकडे, वळलो. लिनक्सवर रेमिना हे आरडीपीने जोडून देणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि काम पळायला लागलं. मग कळलं की विंडोजच्या होम आवृत्तीत आपण आरडीपीने शिरूच शकत नाही, त्यासाठी प्रो लागते. कळलं ते कोटेशन देऊन झाल्यावर! तेव्हापासून फोनवरचा आमचा पहिला प्रश्न, ‘होम की प्रो?’ शिवाय आपण आत गेलो की तिथे बसलेल्याचा पडदा लॉक होतो. ‘अहो, माझा पडदा गेला’ असे फोन आम्ही पुष्कळ घेतले आहेत. शिकवण्यासाठी व्हीएनसी अजून ठेवलंय ते त्यामुळेच.

उलटी वाट, म्हणजे विंडोजवरून लिनक्समध्ये जाणं, जास्त छळणारी निघाली. लिनक्समध्ये आरडीपीने शिरू देणारं एक्सआरडीपी बसवलं, पासवर्ड स्वीकारला गेला आणि पुढे नुसता काळा पडदा. दोन दिवस सेटिंग उलटीपालटी केली. कारण क्षुल्लक होतं: तोच युजर त्या मशीनवर आधीच लॉगइन होता. एक्सआरडीपी वेगळं सत्र उघडतं, आणि एकाच युजरची दोन डेस्कटॉप सत्रं एकमेकांच्या पायात येतात. आता दुरून वापरायला वेगळा युजर आणि एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप, हे आमचं ठरलेलं.

आता आमची चूक सांगतो. सुरुवातीला आम्ही एका गिऱ्हाइकाच्या राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे आरडीपीचं ठरलेलं दार, सरळ इंटरनेटला उघडून दिला होता. नंतर शहाणपणा म्हणून त्याचा नंबर बदलला. एकदा सहज इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, तर ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगइनच्या, नोंदींचा खच. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ या नावाने कोणीतरी अखंड दार ठोठावत होतं. पासवर्ड लांबलचक होता म्हणून निभावलं. मे २०१९ मध्ये ब्लूकीप ही आरडीपीतली त्रुटी उघड झाली आणि मायक्रोसॉफ्टने एक्सपीसारख्या, २०१४ मध्येच सपोर्ट संपलेल्या विंडोजसाठीही पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला. तेव्हा मात्र आम्ही उरलेसुरले उघडे पोर्टही बंद करून टाकले.

त्यानंतर काही काळ एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून, आरडीपी नेलं. ते भक्कम, पण गिऱ्हाइकाला समजावताना आमची दमछाक व्हायची. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ५.६ मध्ये, वायरगार्ड हे असाच सुरक्षित बोगदा काढणारं व्हीपीएन आलं, नेमकं सगळे घरी बसले तेव्हाच. आता गिऱ्हाइकाच्या ऑफिसात एक छोटं लिनक्स मशीन असतं आणि बाहेर फक्त वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट उघडा. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही. आतल्या विंडोजच्या फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त त्या बोगद्यातल्या पत्त्यांना मोकळा. ‘एवढं कशाला, पोर्ट उघडून द्या ना’ म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यापायी गेली.

एकदा दुरूनच फायरवॉल चालू केली आणि एसएसएचला परवानगी द्यायला विसरलो, स्वतःच बाहेर! गाडी काढून जावं लागलं. तेव्हापासून फायरवॉलला हात लावण्याआधी, दहा मिनिटांनी ती आपोआप बंद होईल असा आदेश लावून ठेवतो आणि सगळं नीट चाललं की तो रद्द करतो.

आज आम्ही चौघं आहोत. नव्या लिनक्स मशीनवर वेलँड ही पडद्यावर चित्र उमटवणारी नवी यंत्रणा असते, तिथे ग्नोम या डेस्कटॉपचं स्वतःचं आरडीपी वापरतो. ते २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीपासून आलंय आणि चालू असलेलाच पडदा दाखवतं. जुन्यांवर एक्सआरडीपीच. डीफॉल्ट प्रिंटरचे फोन अजून येतात, आता त्याला दोन मिनिटं लागतात. त्याचं बिल लावायचं की नाही, यावर आम्हा चौघांचं अजून एकमत झालेलं नाही.