पोरांशिवाय सायन्स पार्क

चिंचवडचं सायन्स पार्क २०१३ साली सुरू झालं. तेव्हापासून मी तिथे गेले ती बाटल्या आणि डबे सांभाळायला. आधी भाचे होते, मग नात. बटणं त्यांनी दाबायची आणि आपण "अरे, दुसऱ्यांनाही करू दे" म्हणत मागे उभं राहायचं.

यंदा भिशीची सहल ठरताना मी अट घातली, एकही पोर न्यायचं नाही. महाबळेश्वरवाल्यांनी नाकं मुरडली, पण आल्या सगळ्या. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली. (ते स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. सरकते जिने संपता संपत नाहीत.) पिंपरीला उतरून रिक्षा केल्या.

खरी मजा आली ती स्वतःला दोरीने वर उचलायच्या खुर्च्यांपाशी. कुंदाताई आधी "माझा खांदा धरलाय, मी नाही बाई" म्हणत होत्या. मग पदर खोचून सगळ्यात जास्त कप्प्या असलेल्या खुर्चीत बसल्या आणि दोरी ओढायला लागल्या. खुर्ची इंच इंच वर, दोरीचा ढीग पायाशी. "अगंबाई! शैला, माझं वजन गेलं कुठे?"

शैलाने जन्मभर शाळेत गणित शिकवलंय. ती सोडते होय! "वजन तेवढंच आहे हो, पण ते दोरीच्या बऱ्याच पदरांवर वाटलं गेलंय. म्हणून जोर कमी लागतो. बदल्यात वीतभर वर जायला कितीतरी हात दोरी ओढावी लागते."

"म्हणजे हप्त्यांवर घेतलेला फ्रिज."

"अगदी!"

"आणि व्याज?"

"ते घर्षण. कप्पी फिरवताना थोडी ताकद वायाच जाते."

मी बँकेत नोकरी काढली, पण इतकं सरळ उत्तर मी कुठल्याच कर्जदाराला दिलं नसेल. एवढ्यात मागून शाळेच्या सहलीतला एक चश्मिस आला, "आजी, आम्हालाही करू द्या ना!" कुंदाताई हलल्या नाहीत.

पुढे कुजबुजायच्या दोन मोठ्या तबकड्या होत्या. एकीसमोर ठरावीक जागी तोंड नेऊन हळू बोललं, की आवाज तबकडीवर आपटून सरळ समोरच्या तबकडीकडे जातो आणि तिथे पुन्हा एका बिंदूत गोळा होतो. तिथे कान लावणारीलाच ऐकू येतं, मधल्यांना पत्ता नाही. आमच्या ग्रुपला असलं यंत्र देणं धोक्याचं. कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही.

डायनासोरपाशी फोटो झाले, उकाडा होता, निघालो.

आता शैलाच्या डोक्यात २८ फेब्रुवारी आहे, विज्ञान दिन, आयुकाला, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत जायचं. तिथे फुकोचा लंबक आहे. पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा सावकाश वळत जाते आणि पुण्याच्या अक्षांशावर एक फेरा पुरा व्हायला तीन दिवसांहून जास्त लागतात.

कुंदाताईंनी लगेच ग्रुपवर विचारलं, "मग डबे किती दिवसांचे न्यायचे?"