संन्यास घेऊन राज्य करणाऱ्यांच्या वाटेवर: कुमानो कोदो

जपानमधल्या कुमानो कोदोला, म्हणजे डोंगरातल्या जुन्या वारीच्या वाटेला, जायचं ठरलं तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी जंगल, शेवाळलेल्या पायऱ्या, गरम पाण्याचे झरे असंच काय काय सांगितलं, आणि ते सगळं आहेच तिथे, पण मला ओढ होती वेगळ्या कारणाने. तेव्हाची राजधानी क्योतो, तिथले गादी सोडलेले सम्राट डोंगर तुडवत या वाटेने देवाला यायचे, तेही एकदोनदा नाही, गो-शिराकावा तर 34 वेळा आला. एवढा देवभोळा असेल का कुणी? सोबत मित्र होता, कोल्हापूरचा, सध्या नोकरीला ओसाकात, आळंदी ते पुणे चाललेला, त्यामुळे चालण्याचा माज भरपूर.

ट्रेनने की-तानाबेला उतरलो, बसला वेळ होता म्हणून जवळच्याच तोकेई देवळात गेलो. तिथली गोष्ट अशी की 1185 मध्ये ताइरा आणि मिनामोतो घराण्यांची शेवटची लढाई समुद्रात होणार होती, कुमानोच्या देवस्थानांचा कारभारी तान्झो, त्याच्याकडे स्वतःचं आरमार, आता हा कुणाच्या बाजूने उतरणार? तर त्याने देवापुढे लाल आणि पांढरे कोंबडे झुंजवले, पांढरे जिंकले, पांढरा झेंडा मिनामोतोंचा, झालं, गेला त्यांच्याकडे.

"अरे, आधी ठरवलं असणार, कोंबडे नंतर आणले," मित्र म्हणाला. मलाही तसंच वाटतं. पण देवस्थानाच्या कारभाऱ्याकडे लढाऊ जहाजं आहेत आणि त्याची वाट दोन्ही बाजू बघतायत, यातच बरंच काही आलं.

ताकिजिरीला बसमधून उतरलं की लगेच चढ, दयामाया नाही, पायाखाली देवदाराची मुळं. थोडं वर गेलं की एक भलामोठा खडक आहे आणि त्याच्या पोटातून जायला वाट. पुनर्जन्म मिळतो म्हणे. सॅक काढून बाहेर ठेवली, कोपरांवर सरपटत आत गेलो, आत काळोख आणि ओल्या मातीचा वास, शेवटी वरच्या बाजूला एवढीशी फट, तिच्यातून आधी एक हात, मग डोकं, मग खांदा तिरका करून दुसरा हात. मी निघालो. मित्र पोटाशी अडकला आणि आतून ज्या काही शिव्या आल्या त्या पुनर्जन्म घेणाऱ्याला शोभणाऱ्या नव्हत्या.

पुढे दर 500 मीटरला नंबर लिहिलेले खांब आहेत आणि अधूनमधून ओजी, म्हणजे वाटेवरची छोटी देवळं. काही ठिकाणी नुसता दगड उरलाय. प्रत्येकाजवळ लाल लाकडी पेटी, आत शिक्का, तो वहीत मारायचा. जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांचे हाल, मिसो सूपमध्येसुद्धा माशाचं पाणी, मी मोहरीच्या पानात गुंडाळलेला भात आणि खारवलेली उमे (जपानी आंबट फळ) यांच्यावर निभावलं.

चिकात्सुयु गावाच्या थोडं अलीकडे एक बुटकी दगडी मूर्ती आहे, बैल आणि घोडा दोघांवर मिळून बसलेलं पोर. ही काझान सम्राटाची मूर्ती समजतात. काझान 984 मध्ये गादीवर आला, लाडकी राणी गरोदरपणात वारली, पोरगा खचला, आणि फुजिवारा घराण्यातल्या मिचिकानेने त्याला सांगितलं चला, आपण दोघंही भिक्षू होऊ. 986 मध्ये रात्रीतून त्याला देवळात नेलं, केस उतरवले, आणि मिचिकाने आईवडिलांना भेटून येतो म्हणून जो सटकला तो परत आलाच नाही. मिचिकानेच्या बापाचा नातू सम्राट झाला, वय अवघं सहा-सात, आणि राज्य आजोबांचं! एका माणसाला मारण्यापेक्षा त्याला संन्यास देणं किती सोपं, रक्त नाही काही नाही, वर पुण्यही. तोच काझान पुढे या वाटेने कुमानोला आला असं सांगतात. मूर्तीपाशी मी बराच वेळ बसलो, वाईट वाटलं त्याचं.

आता गंमत बघा, शंभर वर्षांनी हीच युक्ती शिराकावाने उलटी फिरवली. 1086 मध्ये त्याने आपणहून गादी सोडली, लहान मुलाला बसवलं, 1096 मध्ये डोकंही भादरलं, आणि मरेपर्यंत, म्हणजे 1129 पर्यंत, राज्य मात्र त्यानेच केलं. गादीवरच्या सम्राटाला सोहळ्यांतून मान वर काढता येत नाही आणि आईकडचे फुजिवारा आजोबा डोक्यावर बसलेले, बाहेर पडलेल्या बापाला ना हे बंधन ना ते. वर वारी करायला मोकळा. 1090 मध्ये तो पहिल्यांदा कुमानोला आला, वाट दाखवणाऱ्या झोयो या भिक्षूला त्याने कुमानोच्या तिन्ही देवस्थानांवर प्रमुख नेमलं. झोयो ओन्जोजी मठाचा, आणि ओन्जोजीचं हिएई डोंगरावरच्या मठाशी जन्माचं वैर. हिएईचे भिक्षू मनासारखं झालं नाही की देवाची पालखी घेऊन थेट क्योतोत उतरायचे, पालखीवर बाण कोण सोडणार? कामो नदीचं पाणी, फासे आणि हे भिक्षू, तीनच गोष्टी माझं ऐकत नाहीत, असं शिराकावाच्या तोंडी घातलेलं वाक्य प्रसिद्ध आहे. म्हणजे कुमानोला जोर देण्यात भक्ती होतीच, हिशोबही होता असं मला तरी वाटतं.

आणि लवाजमा केवढा, 1118 च्या वारीत 814 माणसं आणि 185 घोडे अशी नोंद आहे. यांना खायला घालणारी गावं वाटेवरचीच. 1201 मध्ये गो-तोबा या गादी सोडलेल्या सम्राटाबरोबर आलेल्या कवी तेइकाची रोजनिशी आहे, त्यात भक्तीपेक्षा पाऊस, आजारपण, राहायची गैरसोय आणि दमणूक, वर रात्री राजाच्या काव्यमैफलीला हजेरी. कुमानोचा हा माझा सगळ्यात आवडता माणूस.

फुशिओगामीला पहिल्यांदा खाली होंगू, कुमानोच्या तीन देवस्थानांपैकी एक, दिसतं, तिथेच लोक लोटांगण घालायचे. इथे इझुमी शिकिबू या कवयित्रीची पाळी आली आणि आता दर्शन नाही म्हणून ती रडली, तर रात्री स्वप्नात देवाने सांगितलं खुशाल ये. दंतकथा आहे, पण ती याच देवस्थानाने जपली, आणि आपल्याकडच्या किती देवळांच्या दारातल्या पाट्या मला आठवल्या ते सांगत नाही.

होंगूचं जुनं देऊळ नदीपात्रात होतं, 1889 च्या पुरात गेलं, आता तिथे 33.9 मीटर उंचीची तोरी, म्हणजे देवळाची कमान, आहे आणि देऊळ टेकडीवर. मित्राने जपानच्या फुटबॉल टीमच्या तीन पायांच्या कावळ्याचा ताईत घेतला. हाच कावळा जिम्मू या दंतकथेतल्या पहिल्या सम्राटाला वाट दाखवतो असं 720 मधल्या दरबारी इतिहासात आहे.

"गो-तोबाचं पुढे काय झालं रे?" मित्राने रांगेत विचारलं. 28 वेळा आला इथे. 1221 मध्ये कामाकुराच्या सामुराई सरकारविरुद्ध उठला, कुमानोतले काहीजण त्याच्या बाजूने लढले, महिन्याभरात हरले, आणि त्याला ओकी बेटावर पाठवलं. निघण्याआधी केस उतरवले त्याचेही. तिकडेच 1239 मध्ये गेला. त्यानंतर सम्राटांच्या वाऱ्या जवळपास थांबल्याच, साधी माणसं मात्र येत राहिली, मुंग्यांच्या रांगेसारखी असं तेव्हाचेच लोक म्हणायचे.