आमची वाटचाल : फ्रेमच्या आतला माउंट

आम्ही फ्रेम बनवत नाही. चित्र आणि काच यांच्यामध्ये खिडकी कापलेला जो जाड पुठ्ठा बसतो, ज्याला सगळे माउंट म्हणतात, तो मापाबरहुकूम कापून देणे एवढेच आमचे काम आहे. सुरुवातीला आमचे सारे काम फ्रेमच्या दुकानांसाठी असे. पुढे तयार फ्रेम आणून घरीच चित्र बसवणाऱ्यांकडून एकेका माउंटची मागणी येऊ लागली आणि घाऊक कामापेक्षा या किरकोळ कामात आपले जास्त चालेल, असा अंदाज बांधून आम्ही हळूहळू तिकडे वळलो.

या किरकोळ कामातली अडचण कापण्याची नव्हती, मापाची होती. ग्राहक बहुधा फक्त चित्राचे माप कळवत. पण चित्राएवढीच खिडकी कापली तर चित्राला टेकायला कडच उरत नाही आणि ते खिडकीतून सरळ बाहेर येते, हे माउंट हातात पडेपर्यंत सहसा ध्यानात येत नाही. म्हणून आमच्या मागणीपत्रकात आम्ही तीन मापे मागू लागलो : फ्रेमच्या मागच्या खाचेचे, चित्राच्या कागदाचे आणि चित्राचा जेवढा भाग दिसायला हवा त्याचे. समजा, ए-फोर आकाराचे, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचे छायाचित्र ३०० बाय ४०० मिलिमीटरच्या फ्रेममध्ये बसवायचे आहे. चारही बाजूंनी ५ मिलिमीटर कड माउंटखाली दबावी, म्हणून खिडकी २०० बाय २८७ ची ठेवावी लागते. मग डावीउजवीकडे ५० मिलिमीटरच्या पट्ट्या राहतात, आणि उभ्या मापात उरलेल्या ११३ मिलिमीटरपैकी वर ५३ व खाली ६० अशी वाटणी आम्ही सुचवतो. खालची पट्टी किंचित रुंद ठेवण्याचा प्रघात जुना आहे. वरखाली पट्ट्या सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते. काहींना चारही पट्ट्या सारख्याच हव्या असतात आणि आम्ही तसे कापूनही देतो, मात्र एकदा विचारून घेतल्याशिवाय नाही.

पुठ्ठ्याच्या बाबतीत आम्ही लवकरच हट्टी झालो. लाकडाच्या कच्च्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त पुठ्ठ्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते, त्यातून कालांतराने आम्ल तयार होते, आणि मग माउंटची पांढरी तिरकी कड पिवळी पडते व चित्रावर खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, जी घरच्या घरी काढता येत नाही. त्यामुळे जपून ठेवायच्या चित्रांसाठी आम्ही कापसाच्या किंवा शुद्ध केलेल्या सेल्युलोजच्या पुठ्ठ्याचाच आग्रह धरतो. यातल्या बऱ्याच पुठ्ठ्यांत आम्ल शोषण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते. सायनोटाइपच्या निळ्या छायाचित्रांना मात्र या कार्बोनेटसारखे अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे द्रव्य, मानवत नाही, त्याने निळा रंग फिका पडतो, म्हणून त्यांच्यासाठी कार्बोनेट नसलेला पुठ्ठा वेगळा ठेवावा लागतो.

पुढे काही ग्राहक स्वतःच कापायचे म्हणू लागले, आणि आम्ही कोरा पुठ्ठा, हातकटर व पाती असा संच द्यायला सुरुवात केली. संचासोबत जी माहिती देतो तिच्यात सर्वांत जास्त जागा कोपऱ्यांना दिली आहे, कारण हात तिथेच अडतो. रेघा पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला आखायच्या आणि ४५ अंशांत कलते पाते तिथूनच चालवायचे असते. नेहमीचा पुठ्ठा सुमारे दीड मिलिमीटर जाड असतो. काप तिरका गेल्यामुळे समोरची खिडकी मागच्या आखणीपेक्षा प्रत्येक बाजूने तेवढीच मोठी निघते. साहजिकच मागच्या रेघांच्या कोपऱ्यावरच पाते थांबवले, तर समोरचा कोपरा तुटत नाही आणि आतला तुकडा तिथे अडकून राहतो. पाते कोपऱ्याच्या साधारण पुठ्ठ्याच्या जाडीइतके आधी रोवावे आणि तेवढेच पुढे न्यावे. तुकडा अडकलाच, तर तो ओढू नये. ओढला की वरचा रंगीत कागद फाटतो. त्याच फटीत नवे पाते हलकेच फिरवून कोपरा मोकळा करावा. पुठ्ठ्याखाली दुसरा रद्दी पुठ्ठा घालावा, म्हणजे पात्याच्या टोकाला आधार मिळतो आणि समोरची कड फिसकटत नाही. पाते तर सढळ हाताने बदलावे. धार गेलेल्या पात्यावर जोर दिला की ते वाकते आणि सरळ रेघेचा कोपऱ्याशी आकडा होतो.

संगणकावर चालणारे यंत्र आल्यापासून लंबगोल खिडक्या आणि एकाच माउंटमधल्या अनेक खिडक्या त्यावरच कापल्या जातात. दुहेरी माउंट, ज्यात आतल्या पुठ्ठ्याची पाच-सहा मिलिमीटरची रंगीत किनार दिसते, तोही यंत्रावर छान होतो. हातकटर आम्ही हाताशी ठेवला आहे तो तिरकस कागदांवरच्या जुन्या चित्रांसाठी. अशा चित्राला काटकोनातली खिडकी खोटी दिसते आणि प्रत्येक बाजू नजरेने जुळवावी लागते.

चित्र माउंटला चिकटवून द्या, ही विनंती आम्ही आजही नाकारतो. जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पाठवतो. चित्र मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेने टांगायचे असते, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी त्याला सुरकुती पडत नाही. खिडक्यांतून निघालेले तुकडे पूर्वी लगद्याला जात असत. आता प्रत्येक संचात त्यांतले चार-पाच सरावासाठी घालतो, आणि नवा पुठ्ठा उघडण्याआधी त्यांवर किमान एक पूर्ण खिडकी कापून पाहावी, असे त्यांच्यावरच पेन्सिलीने लिहून देतो.