पाण्यात काय पडते

मार्गशीर्ष, रविवार, रात्री साडेनऊ

आज पहाटे कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या वरच्या अंगाला भोगावती नदीच्या काठी मासे धरायला उतरलो, तेव्हा पाण्यावर धुके इतके दाट होते की पलीकडचा काठ सोडाच, हातातल्या गळाच्या काठीचे टोकही दिसत नव्हते. मात्र गेल्या रविवारपर्यंत जिथे डोक्याच्या वर ऊस उभा होता, तिथे तोड होऊन रान मोकळे झाले होते, आणि ते पाहून आम्हा चौघांच्याही तोंडून एकदमच "सुटलो" असा उद्गार निघाला. उसाच्या वाड्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, मोळी डोक्यावर घेऊन चाललेल्या एका मावशींनी आमच्याकडे वळून पाहिले. दुसऱ्याचा ऊस तुटला म्हणून आनंदित होणारी ही माणसे कोण, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

आम्ही करतो त्या फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे नकली माशीने मासे धरण्याच्या प्रकारात, मागची जागा पुढच्या पाण्याइतकीच महत्त्वाची असते. नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते आणि त्याच्या वजनाने दोरा लांब जातो. इथे गळावर पिसांची माशी असते, तिला वजन असे जवळजवळ नसतेच, म्हणून जाड, वजनदार दोरीच फेकायची आणि माशीने तिच्यामागून जायचे. त्यासाठी दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडावी लागते. श्रावणापासून तोड होईपर्यंत आमच्या पाठीमागे ऊस असतो, त्यामुळे निम्म्या माश्या पाल्यात अडकतात आणि त्या सोडवताना हात कापून निघतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गळाचाही हंगाम सुरू होतो, हा विनोद आमच्यातले डॉक्टर दरवर्षी करतात आणि आम्ही दरवर्षी हसतो.

हा नाद 2018 साली लागला. डॉक्टरांच्या भावाने परदेशातून एक काठी, चकरी आणि डबीभर माश्या आणल्या होत्या. रविवारी कुठे असता असे कोणी विचारले की "माश्या मारतो" हे उत्तर देण्याची सोय झाली, परंतु पहिले वर्षभर मासा मात्र लागला नाही. त्या माश्या थंड, खळाळत्या पाण्यातल्या ट्राउट माशासाठी बांधलेल्या होत्या. आमच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा संपल्यावर त्यांच्या दगडी खांबांमध्ये बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घातले की पाणी तळ्यासारखे संथ उभे राहते. माशी नेमकी कुठे शिंकते आहे, हे आम्हाला उमगत नव्हते.

ते उमगले आमच्यातल्या तात्यांमुळे. काठाला वाकलेल्या एका उंबराखाली त्यांना साध्या गळावर हातभर खडस मासा मिळाला. घरी साफ करताना त्याच्या पोटात उंबराचा चोथा आणि बारीक बियाच बिया निघाल्या. तात्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावून घेतले आणि एवढेच म्हणाले, "पुस्तकातला किडा बाजूला ठेवा. आपल्या पाण्यात काय पडतं ते बघा." आमच्यातला चौथा मित्र हुपरीचा, चांदीचे दागिने घडवणारा, त्याने जुन्या स्लिपरचे रबर कातरून, त्याला तांबडी लोकर गुंडाळून आणि आत तांब्याच्या तारेचे दोन वेढे देऊन एक उंबर बांधले. तारेमुळे ते पाण्यावर पिसासारखे न टेकता "डुबुक" असा आवाज करून पडते, आणि सगळी करामत त्या आवाजात आहे. त्याच्या नाजूक बोटांना हे काम नवे नव्हते, मात्र मोबदला म्हणून त्याने आम्हाला आळीपाळीने कोंबडीवाल्याकडे मानेची पिसे मागायला पाठवले, त्या फेऱ्यांचे वर्णन न करणेच बरे.

तेव्हापासून आमचे वर्ष पाण्यात पडणाऱ्या गोष्टींवर चालते. वैशाखाच्या अखेरीस जांभळे पडतात, तेव्हा लोकर जांभळी होते. पहिला वळीव झाला की संध्याकाळी वारुळातून पंख फुटलेली वाळवी उठते आणि पाण्यावर तिचा सडा पडतो. त्या अर्ध्या तासात चिलापी मासासुद्धा शहाणपण विसरतो. याच सुमारास मरळ माशांची जोडी पिल्ले राखत असते. तांबूस पिल्लांचा घोळका श्वास घ्यायला वर आला की पाणी उकळल्यासारखे दिसते आणि खाली आई-बाप असतात. त्यांच्यापुढे काहीही टाकले तरी ते रागाने झडप घालतात, भुकेने नव्हे. आम्ही एकदा तसे केले. मरळ लागली, आम्ही ती सोडलीही, पण तेवढ्या वेळात इतर माशांनी पिल्लांवर धाड घातली. त्यानंतर घोळका दिसला की काठ्या खाली ठेवायच्या, असे ठरले आहे.

मृग लागला की दोऱ्या गुंडाळून ठेवतो. बर्गे निघालेले असतात, नदी वाहती होते आणि चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात; त्या वाटेवर उभे राहणे आम्हाला पटत नाही. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस आम्ही वर्तमानपत्रातल्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या आकड्यांवर मोजतो: 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2021 च्या जुलैत पाणी त्याच्याही खूप वर गेले आणि ओसरल्यावर पाहिले तर तात्यांचे ते उंबर मुळासकट गेलेले होते. आम्ही हळहळलो, तात्यांनी मात्र खालच्या वळणावर दुसरे शोधले, एवढेच नव्हे तर ते कोणत्या महिन्यात फळते याची वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली.

आज आम्ही त्याच उंबराखाली होतो. तात्यांना आता गुडघ्यामुळे चिखलात उतरवत नाही, ते वर खोडाला टेकून डोळे मिटून बसतात. धुक्यात काही दिसत नसल्याने आम्ही आवाजावर काठी फिरवत होतो. डुबुक झाले की त्या दिशेला आमचे लोकरीचे उंबर टाकायचे. दोन तासांत वीतभर चिलापी एक, तीही सोडली. ऊन वर येऊ लागले तेव्हा डावीकडे पुन्हा आवाज झाला, डॉक्टरांनी घाईने दोरी तिकडे फेकली आणि म्हणाले, "उंबर पडलं."

"नव्हे," तात्या डोळे न उघडताच म्हणाले, "पडलेलं उचललं."

डॉक्टरांची दोरी तोवर पाण्यावर पसरून सगळे पाणी हलवून गेली होती. पुढच्या रविवारी सगळ्यांनी पहिला तास काठ्या न उघडता तात्यांशेजारी बसायचे ठरले आहे.