तुम्ही विचारलंत म्हणून: सासरी मला ‘नेग्रीता’ म्हणतात, त्याबद्दल

“सासरी तुला चक्क काळी म्हणतात आणि तू ओ देतेस?” ब्वेनोस आयरेसला आमच्याकडे कुणी राहून गेलं, किंवा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंची हाक कुणाच्या कानावर पडली, की हा प्रश्न ठरलेलाच. आता एकदाच नीट लिहिते.

हो, देते. ‘नेग्रा’ म्हणजे काळी हे खरं, आणि ‘नेग्रीता’ हे त्याचं लाडाचं रूप. पण अर्जेंटिनात ही हाक रंग बघून मारत नाहीत. माझ्या मावससासूबाई गोऱ्यापान, डोळे हिरवे, तरी जन्मभर सगळ्यांच्या ‘ला नेग्रा’, कारण लहानपणी केस काळेभोर होते. गायिका मेर्सेदेस सोसा तर अख्ख्या देशाची ‘ला नेग्रा’ होती. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं? आजी मला “काळे, जेवलीस का गं?” म्हणायची तेव्हा मी धावत जायचे. शेजारच्या काकू तेच म्हणाल्या की रडू यायचं.

2020 च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्या काव्हानीने इन्स्टाग्रामवर एका मित्राला ‘ग्रासियास, नेग्रीतो’, म्हणजे ‘थँक्यू, काळ्या’, असं लाडाने लिहिलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला तीन सामने बाहेर बसवलं, वर एक लाख पौंड दंड. उरुग्वेच्या भाषा अकादमीने जाहीर निषेध केला. तेव्हा मी भेटेल त्याच्याशी तावातावाने भांडत होते: प्रेमाचा शब्द आहे, तुम्हाला काय कळतं त्यातलं?

मग तो रविवार आला. अंगणात असादो, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजायचा बेत, चालला होता. नवऱ्याचे मामा निखाऱ्यांपाशी चिमटा घेऊन उभे, सासूबाई कोशिंबिरीला टोमॅटो चिरत होत्या. शहरात कुणीतरी मागण्यांसाठी रस्ता अडवला होता, त्यावरून विषय निघाला. मांस उलटता उलटता मामा म्हणाले, “नेग्रोस दे मिएर्दा.” ‘काळे’च, पण पुढे जे आहे ते मी मराठीत लिहिणार नाही. आणि त्याच दमात माझ्या ताटात चोरीसो, म्हणजे सॉसेज, ठेवत म्हणाले, “कोमे, नेग्रीता.” खा गं, काळे. कुणाचाही घास थांबला नाही.

मी विचारलं, “मामा, आत्ता कुणाला म्हणालात?” ते खरोखर गोंधळले. “तुला नाही गं! कातडीचं नाही म्हणत मी. ते आत्म्याने काळे असतात.” ‘नेग्रो दे आल्मा’ हा इथला नेहमीचा खुलासा आहे. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, “तू तर आमची आहेस.” मला तेच जास्त लागलं. कारण 1940 च्या दशकात उत्तरेकडच्या प्रांतांतून राजधानीत कामाला आलेल्यांना ‘काबेसीता नेग्रा’, म्हणजे काळ्या डोक्याचे, म्हणून हिणवलं गेलं, आणि बसमध्ये मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं की तू उत्तरेकडच्या हुहुई प्रांतातली का, बोलिव्हियाची का. माझा हाच चेहरा रस्ता अडवणाऱ्यांत दिसला असता, तर मामांनी कुठली हाक मारली असती?

नवरा गाडीत म्हणाला, मामा मनाने वाईट नाहीत. नाहीतच. माझ्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात तेच बसले होते.

तेव्हा भांडणाऱ्या मला आज काय सांगू? काव्हानीबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. त्याने मित्राला प्रेमानेच लिहिलं होतं. पण “इथे या शब्दात रंग नसतोच” हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही. रंग असतो. घरात तो माफ केलेला असतो, एवढंच.

मुलीला मात्र ही हाक मारू नका, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना लागलं, त्यांच्या आईने त्यांना याच हाकेने वाढवलं होतं. “तुला चालतं, मग तिला का नाही?” याचं धड उत्तर मला देता आलं नाही, आजही येत नाही. अजून कधीकधी त्यांच्या तोंडून निसटतं, आणि पोरगी आनंदाने ओ देते. कधी मी टोकते, कधी नाही टोकत.